आधीच मेलेलं काम

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या सिग्नेट गावात रॉझ क्विल्टीला सगळे ओळखत, पण ती पोटासाठी नेमकं काय करते हे कुणालाच धड सांगता येत नसे. गावात सुतार होते, नर्स होत्या, चीज करणारी दोन कुटुंबं होती. रॉझ मात्र प्रोजेक्ट मॅनेजर होती.

"म्हणजे तू ती यंत्रं बनवतेस?" बेकरीवाल्या ग्लेनिसने एकदा विचारलं.

"नाही गं. बनवणाऱ्यांना विचारते, कधी होणार म्हणून."

"आणि त्यांनी सांगितलं की?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते."

"आणि याचे पैसे मिळतात?"

"मिळतात," रॉझ म्हणाली आणि पाव पिशवीत टाकून घाईने बाहेर पडली. ग्लेनिसच्या दुप्पट मिळतात, हे तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं.

तिचा जन्म तिथलाच. वडिलांची सफरचंदांची बाग होती, पण ती जन्मायच्या आधीच त्यांनी झाडं मुळासकट उपटली होती. त्या काळी टास्मानियात सरकार झाडं लावायचे नव्हे, उपटायचे पैसे देत होतं. वडील म्हणत, "आयुष्यात सर्वांत चांगली कमाई झाली ती काम मोडण्याची." रॉझ ते ऐकत वाढली. पुढे होबार्टला वीजमंडळाच्या कचेरीत लागली, धरणांच्या दुरुस्तीची कामं वेळेवर उरकून घेऊ लागली, लग्न केलं, मोडलं, आणि सेहेचाळीसाव्या वर्षी ती चांगली नोकरी सोडून गावातल्याच एका नव्या कंपनीत आली. कंपनी एका जुन्या गोदामात होती. तिथे पूर्वी सफरचंदं पेट्यांत भरत. अजूनही दमट दिवशी भिंतींना आंबूस वास येई.

कंपनीचा मालक आयव्हर ब्रेमनर. वय एकोणतीस, पायात कायम गमबूट. त्याने पाण्याखालचे कान बनवले होते. पोलादी नळकांडी, मांडीएवढी जाड. समुद्रात साल्मन माशांचे मोठे गोल पिंजरे असतात. सील येऊन त्यांची जाळी फाडतात आणि हजारो मासे पळतात. हे कान पिंजऱ्याखाली बांधले की जाळ्याला दात लागल्याबरोबर वर बोटीतल्या पेटीत आवाज ऐकू यायचा.

पगाराचं बोलणं झालं ते गोदामाच्या पायरीवर.

"वीजमंडळात किती मिळतात?" आयव्हरने विचारलं.

"एक लाख पस्तीस हजार डॉलर. वर्षाला."

त्याने शीळ घातली. "मी एक लाख पाच देईन."

"माझा अनुभव तेवीस वर्षांचा आहे, आयव्हर."

"तुझ्या अनुभवाबद्दल कोण बोलतंय? तुझा पगार अनुभवावर ठरत नाही इथे. माझ्याकडे बँकेत किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, त्यावर ठरतो. शिवाय हे टास्मानिया आहे. हेच काम सिडनीत केलंस तर दीड लाख मागशील आणि मिळतीलही. कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या मेलबर्नच्या मंडळींनी दुसऱ्या खेपेचे पैसे घातले की तुलाही वाढवीन. आणि तुझ्या हाताखालची माणसं वाढली, सहाची सोळा झाली, तर आणखी वाढवीन."

"आणि मी मागितले नाहीत तर?"

"तर नाही वाढवणार," तो हसून म्हणाला. "खरं सांगायचं तर हेच सर्वांत मोठं कारण असतं. मागणाऱ्याला मिळतात."

मग रॉझने मागितले. पैसे नव्हते म्हणून आयव्हरने कंपनीतला अर्धा टक्का हिस्सा देऊ केला. अट अशी, की तिने तिथे वर्ष काढायला हवं आणि कानांची चाचणी तीस जूनपर्यंत पार पडायला हवी. तीस जूनला देशभर हिशेबाचं वर्ष संपतं. मेलबर्नची मंडळी त्या दिवशीचा आकडा बघून पैसे घालणार होती. त्यांनी घातले, तर रॉझच्या अर्ध्या टक्क्याची किंमत एका लहानशा घराएवढी होणार होती.

आणि घर तिने बघून ठेवलं होतं. बघून काय, त्यातच राहत होती. खाडीवरचं लाकडी घर, अकरा वर्षं भाड्याने. म्हाताऱ्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "रॉझ, हिवाळा संपेपर्यंत थांबते. मग विकणार. तू घेतलंस तर मला आनंद, पण कमी किमतीत आनंद परवडणार नाही."

तर हे असं होतं. तीस जून आणि ते घर एकाच दोरीला बांधलेले होते.

कामाच्या पहिल्याच सोमवारी रॉझने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. काम सुरू करायच्या आधी त्याची शोकसभा घ्यायची ही तिची जुनी रीत होती. तिच्या धंद्यात बरेच जण ती पाळतात. काम मेलं आहे असं धरायचं आणि ते कशाने मेलं ते प्रत्येकाने सांगायचं. "मरेल" म्हणायचं नाही, "मेलं" म्हणायचं. वाद घालायचा नाही. प्रत्येकाचं झालं की टाळ्या वाजवायच्या. माणसं सहसा मनातली भीती बोलत नाहीत, पण मेलेल्याबद्दल बोलताना त्यांची जीभ सुटते, असा तिचा अनुभव होता.

"जिवंतपणी तेरावं घालायचं म्हणजे," आयव्हर म्हणाला.

"हो. आणि पहिला घास तुझा."

आयव्हरने सांगितलं की पैसे संपले. टाळ्या. वायरिंग करणाऱ्या मुलीने सांगितलं की कानांत पाणी शिरलं. टाळ्या. कुणी म्हणालं सीलनेच कान गिळला, त्यावर हसून हसून टाळ्या. शेवटी फोनवरून अनेका डाइक्स्ट्रा बोलली. ती कानांच्या आतला प्रोग्रॅम लिहायची आणि पार पश्चिम किनाऱ्यावर स्ट्रॉनला राहायची. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनच्या पेटीतून तिचा आवाज आला. तिने सांगितलं की वाऱ्याचा आवाज आणि सीलचा आवाज यंत्राला वेगळा ओळखता आला नाही. टाळ्या झाल्या.

आता उठायचं, एवढ्यात पेटी पुन्हा बोलली.

"सात कान बसले होते. आठवा राहिला होता. पाणबुड्या आला नाही. क्लेम म्हणाला, मी उतरतो. मी थांब म्हटलं नाही."

आवाज बाईचा होता. थकलेला. मागे वारा घोंगावत होता.

"तारीख पाळली," आवाज म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "हिस्सा मिळाला."

खट् करून पेटी बंद झाली. मग रीत म्हणून आयव्हरने टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

"अनेका नाटकात जायला हवी होती," तो म्हणाला. "अंगावर काटा आणला बाईने."

दुसऱ्या दिवशी रॉझने अनेकाला फोन केला. "काल तू शेवटी जे बोललीस ना, ते कशावरून सुचलं तुला?"

"वाऱ्याचं? अगं, आधीच्या चाचणीत खरंच तसं झालं होतं."

"ते नाही. त्यानंतरचं. क्लेमचं."

"कोण क्लेम? मी माझं बोलले आणि ठेवला फोन. मुलीला शाळेतून आणायचं होतं." मग अनेकाने विचारलं, "का गं? काय झालं?"

"काही नाही. लाइनीत गोंधळ झाला असेल."

क्लेम नावाचं त्यांच्यात कुणी नव्हतं. पाणबुड्याही अजून ठरलेला नव्हता. बोट तर नव्हतीच. आणि कान आठ लागतील की दहा, हेसुद्धा त्या सोमवारी पक्कं झालं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती, नाही तर विसरली असती. रॉझ प्रोजेक्ट मॅनेजर होती. तिच्यासारखी माणसं करतात तेच तिने केलं: शोकसभेत निघालेल्या इतर भीतींबरोबर ही भीतीही भिंतीवरच्या फळ्यावर लावली. लाल ठिपका. पुढे निभावून नेणाऱ्याचं नाव: रॉझ. फळ्यावर गेलेल्या गोष्टीची तिला भीती वाटेनाशी व्हायची. वीजमंडळात एवढी वर्षं तिला त्याचाच पगार मिळत होता.

महिन्याभराने साल्मनवाल्यांनी एक बोटवाला सुचवला. स्वस्त होता, समुद्र ओळखणारा होता. सत्तरीला टेकलेला, नाकाचं हाड कधीतरी मोडून तिरपं बसलेलं. धक्क्यावर त्याने हात पुढे केला.

"क्लेम वुल्नो. तूच का ती, लोकांना तारखा विचारणारी?"

रॉझचा हात त्याच्या हातात तसाच राहिला.

"काय पोरी, भूत बघितलंस का?"

"तुम्ही पाण्यात उतरता?" तिने एकदम विचारलं.

"चाळीस वर्षं उतरलो. शिंपल्या काढायला. आता डॉक्टरने सोडायला लावलं. छातीत काहीतरी कुरकुरतं म्हणे." त्याने छातीवर बोट ठोकलं. "सामान अजून बोटीत पडलंय. बायको विकू देत नाही, आणि वापरूही देत नाही."

"म्हणजे उतरत नाही."

"म्हणजे उतरत नाही. किती वेळा सांगू?"

रॉझ गोदामात परत आली, फळ्यापुढे उभी राहिली, आणि लाल ठिपका काढून तिथे हिरवा लावला. क्लेम पाण्यात उतरतच नाही, तर भीती मिटली. असं तिने स्वतःला सांगितलं. मग जार्विस नावाच्या तरुण पाणबुड्याशी करार केला, आणि रात्री स्वस्थ झोपली. पण त्या दिवसापासून कोणताही फोन संपल्यावर पलीकडून लाइन तुटल्याचा खट् आवाज येईपर्यंत ती आपला फोन खाली ठेवीनाशी झाली.

हिवाळा आला; तिकडे तो जूनमध्ये येतो. चार वाजता अंधारून येऊ लागलं. जून महिनाभर दक्षिणेचा वारा होता, आणि पिंजरे ब्रूनी बेटाच्या उघड्या अंगाला, जिथे त्या वाऱ्याला अडवायला अंटार्क्टिकापर्यंत काही नाही. एकेक करत सात कान बसले. तीस तारखेला सकाळी आठवा तेवढा राहिला होता.

धक्क्यावर जार्विस आला नाही, त्याचा फोन आला. कान सुजला होता, ठणकत होता. अशा कानाने पाण्यात गेलं तर पडदा फाटतो.

"कानामुळे कान राहिला," क्लेम म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. "चल, जाऊन तरी बघू. पाणी कसं आहे ते बघू."

बोटीवर दोघंच होती. पिंजऱ्यापाशी पोचल्यावर क्लेमने बोट बांधली. लाटा मोठ्या नव्हत्या, पण जाड होत्या, तेलासारख्या. रॉझने आयव्हरला फोन लावला.

"मेलबर्नची मंडळी पाचला बघणार आहेत," आयव्हर म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "आठही कान चालू दिसले पाहिजेत. सात म्हणजे नापास. रॉझ, ऐक. आज झालं ना, तर उद्यापासून तुझा पगार एक लाख तीस. मी न मागता देतोय."

"पाणबुड्या नाहीये."

"दुसरा बघ ना कुणी!"

मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. क्लेमने बाकाखालून टाकी ओढून काढली होती. रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवलाही होता.

"मी उतरतो," तो म्हणाला. "दोन बोल्ट तर फिरवायचेत. अर्ध्या तासाचं काम."

फोनमधून आयव्हर म्हणाला, "कोण बोललं? क्लेम? तो स्वतःहून म्हणतोय ना? मग झालं तर! आपण काही जबरदस्ती केलेली नाही."

रॉझने फोन कानापासून दूर धरला. तिला वाटलं होतं, अशी वेळ आलीच तर आभाळ काळवंडेल, पक्षी गप्प होतील. तसं काही झालं नाही. एक सीगल पक्षी पिंजऱ्याच्या कठड्यावर बसून पंख खाजवत होता. काहीही वेगळं नव्हतं. हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की पुरे होतं. गप्प राहिलं की घर.

क्लेमने पट्टे आवळले. एक पाय शिडीवर ठेवला.

"थांब," रॉझ म्हणाली.

"काय?"

"थांब म्हटलं. उतरायचं नाही."

"अगं, हा काय पोरखेळ आहे? पाणी बघ कसं आहे. तुझ्या जन्माआधीपासून..."

"चाचणी रद्द. मी रद्द केली. सोड दोर."

क्लेमने शिडीवरचा पाय मागे घेतला. मग तिरप्या नाकातून फुस्कारला. "एक लाख डॉलर घेतेस तू. एक लाख! कशाचे? घाबरायचे? घाबरायला माझी बायको फुकटात तयार आहे."

फोनमध्ये आयव्हर ओरडत होता. रॉझने तो बंद करून खिशात टाकला. क्लेम शिव्या देत पट्टे सोडू लागला, टाकी धाडकन फळ्यांवर टाकली.

काहीतरी करायचं म्हणून ती कानांच्या पेटीपाशी गेली. सात तर सात, त्यांची नोंद करून बंद करायचे. तिने बटण दाबलं. पहिला कान: साखळ्यांची करकर. दुसरा: मासे गोल फिरतात त्याचा सपसप आवाज. ती पुढे जात राहिली. सातवा कान आठव्याच्या जागेला सर्वांत जवळचा होता.

सातव्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

आत घेतानाचा खर्रर्र आवाज, मग बुडबुड्यांची सर. पुन्हा खर्रर्र. पुन्हा बुडबुडे. आत घेताना प्रत्येक वेळी शेवटी एक बारीक शिट्टी वाजत होती, गळक्या किटलीसारखी.

क्लेमच्या शिव्या थांबल्या. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. रबराच्या पोशाखातून पाणी नव्हे, घाम टपकत होता.

"खाली कोण आहे?"

"कोणी नाही. आपण दोघंच आहोत."

"सील असेल."

"सील पाण्याखाली श्वास घेत नाही, क्लेम."

तो ऐकत राहिला. खर्रर्र, शिट्टी. त्याने वळून फळ्यांवर पडलेल्या आपल्या टाकीकडे बघितलं, नळीच्या तोंडाशी असलेल्या पितळी झडपेकडे.

"ती झडप माझी आहे," तो हळूच म्हणाला. "एकोणीस वर्षं शिट्टी वाजवते. जार्विस मला त्यावरून चिडवतो. अशी दुसऱ्या कुणाकडे नाही."

मग तो पुढे गेला आणि त्याने गाठ सोडायचीही वाट न बघता दोर सुऱ्याने कापला. इंजिनाचा धडधडाट सुरू झाला.

रॉझ मागेच राहिली. बोट वळत असताना ती पेटीला कान लावून बसली होती. बंद करणं तिच्याच्याने होईना. श्वास आता भरभर येत होता. मग कशावर तरी, बहुधा साखळीवर, ठोकल्याचा आवाज. तीनदा. मग पुन्हा तीनदा. मग श्वास लांब लांब होत गेला, शिट्टी बारीक झाली, आणि एका श्वासानंतर पुढचा आला नाही. नुसतं पाणी राहिलं. ती बराच वेळ त्या पाण्याचा आवाज ऐकत बसली. मग बटण बंद केलं.

पुढचं सगळं साधं झालं. मेलबर्नच्या मंडळींनी सात कान बघितले आणि ठरल्याच्या निम्मे पैसे घातले. अर्धा टक्का गेला. आयव्हर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला लगेच घालवलं नाही. पण पगार नव्वद हजारांवर आणला. "कंपनीचाच भाव पडला, रॉझ," तो म्हणाला. "भाव पडला की तारीख ज्याच्या हातात होती त्याचा भाव आधी पडतो." हे बरोबरच होतं, आणि तिने वाद घातला नाही. सप्टेंबरात तिने किंग्स्टनच्या नगरपालिकेत रस्त्यांच्या कामांवर नोकरी धरली, एक लाख आठ हजारांवर. मुलाखतीत त्यांनी विचारलं की मागच्या ठिकाणी पगार खाली का आला. "तारीख चुकली," ती म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणून एक लाख बारा हजारांतले चार हजार कमी केले. घर सिडनीच्या एका जोडप्याने घेतलं. रॉझ गावाच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांत राहायला गेली. तिथून खाडी दिसत नाही.

खरोखर काय टळलं, हे ती कुणाला दाखवू शकत नव्हती. जे घडलंच नाही त्याची पावती कोण देणार? गावात बोलणं झालं ते एवढंच, की क्विल्टीबाईने ऐन वेळी कच खाल्ली.

क्लेम त्या दिवसाबद्दल बोलत नसे. भेटला की हवामानाचं बोले. एकदा नोव्हेंबरात दुपारी, धक्क्यावर, तो बादलीवर बसून जाळं सांधत होता आणि रॉझ पुढून जात होती.

"ए पोरी," त्याने हाक मारली. "बस जरा."

ती बसली. त्याने सुतळीला एक गाठ मारली आणि लगेच सोडली.

"त्या दिवशी. मी सुकाणूकडे गेलो तेव्हा पेटी चालूच होती ना?"

"होती."

"इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही पुढचं." त्याने मान वर केली नाही. "सगळं आयुष्य पाण्याखाली तोच आवाज ऐकला मी. आपलाच श्वास. आता रात्री झोपताना तो ऐकू येतो, आणि मी वाट बघत राहतो. बायको म्हणते, तू झोपेत श्वास रोखून धरतोस. म्हणून विचारतो. तो थांबला, की तू पेटी बंद केलीस?"

रॉझने आयुष्यभर लोकांना विचारलं होतं, खरं सांगा, किती राहिलंय. खोट्या उत्तराने काम मरतं, असं ती सगळ्यांना शिकवत आली होती.

"मी बंद केली," ती म्हणाली.

"श्वास चालू असतानाच?"

"चालू असतानाच. अगदी व्यवस्थित चालला होता."

क्लेमने मान हलवली. छातीतून मोठा श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि जाळ्याची पुढची गाठ शोधू लागला. "मग वर आला असेल."